पडून राहिलेली आयडिया

हॅरल्ड ब्लॅक म्हटलं की आपल्याला निगेटिव्ह फीडबॅक आठवतो आणि पाठोपाठ व्हायवात फुटलेला घाम! पण होस्टेलच्या गच्चीवरून गंगापूर रोडचे जे मोबाइल टॉवर दिसतात, तसल्या टॉवरच्या कामी आली ती त्याची त्याआधीची, बाजूला पडलेली कल्पना.

ब्लॅकचा जन्म १८९८ चा, अमेरिकेतल्या लेमिन्स्टर गावचा. १९२१ मध्ये इंजिनिअर होऊन तो न्यूयॉर्कला वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये लागला. बरोबरच्यांना पगारवाढ मिळाली, याला नाही. राजीनामा द्यायच्या बेतात होता. मग विचार बदलला आणि रविवारी ऑफिसात बसून जुन्या फायली वाचू लागला. (आदल्या रात्री झेरॉक्स वाचणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

तेव्हा लांबच्या टेलिफोन लाइनवर एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर लागत. प्रत्येक जण सिग्नल वाढवी आणि थोडा वाकडाही करी. या वाकडेपणातून नव्या फ्रिक्वेन्सी जन्मतात आणि शेजारच्या चॅनेलमध्ये घुसतात. १९२३ च्या मार्चमध्ये स्टाइनमेट्झचं व्याख्यान ऐकून ब्लॅक घरी आला आणि त्याने प्रश्नच उलटा केला. अ‍ॅम्प्लिफायर बिघडवणारच ना? मग बिघाड तेवढा वेगळा काढू. आउटपुट लहान करून त्यातून मूळ सिग्नल वजा केला की उरतं फक्त डिस्टॉर्शन. ते दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरने वाढवून मुख्य आउटपुटमधून वजा करायचं. हाच फीडफॉरवर्ड. चालला, पण व्हॅक्यूम ट्यूबचा तोल टिकेना. दर तासाला कुणीतरी फिलामेंटचा करंट जुळवायचा, दर सहा तासांनी बॅटरीचं व्होल्टेज. कोण करणार?

२ ऑगस्ट १९२७ ला, कामावर जाताना हडसन नदीतल्या फेरीबोटीवर, त्याला फीडबॅक सुचला. हाताशी होतं ते वर्तमानपत्राचं पान. त्यावरच आकृती काढली. डिसेंबरात डिस्टॉर्शन लाखपट घटलं. पेटंट मिळायला मात्र १९३७ उजाडलं.

पण फीडबॅकच्या लूपला वेळ लागतो. थ्री-जीच्या डब्ल्यू-सीडीएमएमध्ये एकेक कॅरिअर ५ मेगाहर्ट्झ रुंद. दुरुस्ती पोहोचेपर्यंत सिग्नल पुढे गेलेला असतो. आणि बेस स्टेशनने शेजारच्या चॅनेलमध्ये सांडायची पॉवर ४५ डेसिबल खाली, म्हणजे साधारण तीस हजारावा भाग! तिथे बऱ्याच कंपन्यांनी फीडफॉरवर्डच वापरला. ताशी करंट जुळवायला आता माणूस नको होता, ते काम मायक्रोप्रोसेसर करी. पुढे त्याची जागा डिजिटल प्रीडिस्टॉर्शनने घेतली, म्हणजे सिग्नल आधीच उलटा वाकवून पाठवायचा.

ब्लॅकला यातलं काही बघायला मिळालं नाही. तो ११ डिसेंबर १९८३ ला गेला. शिकागोत सेल्युलर सेवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.