ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या आतल्या ‘दगडा’मागचा माणूस : रिचर्ड बॅरर

2021 ची दुसरी लाट आठवतेय ना? ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळवण्यासाठी लोक रात्र रात्र फोन फिरवत होते. पण गंमत अशी की त्या मशीनमध्ये ऑक्सिजन भरलेलाच नसतो. आत असतात झिओलाइटच्या बारीक गोळ्या. दाबाखालची हवा त्यातून गेली की नायट्रोजन गोळ्यांना चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटतो, गोळ्या परत कामाला तयार.

या गोळ्यांची गोष्ट सांगायची तर रिचर्ड बॅररपासून सुरुवात करावी लागते.

बॅररचा जन्म 1910 चा, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचा. तिथं शिकून स्कॉलरशिपवर गडी केंब्रिजला पोचला. तिथं त्यांना नाद लागला एका दगडाचा.

झिओलाइट हा मुळात ज्वालामुखीच्या खडकात सापडणारा खनिज. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही तो भरपूर आहे. तापवला की त्यातलं पाणी उडून जातं आणि मागं उरतात रेणूच्या मापाची भोकं. बारका रेणू आत शिरतो, मोठा बाहेर राहतो. थोडक्यात, रेणूंची चाळणी. हे आधीपासून माहीत होतं. बॅररनी काय केलं, तर कुठला वायू कुठल्या झिओलाइटमध्ये किती आणि किती वेगानं शिरतो ते चिकाटीनं मोजलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते ब्रॅडफर्डच्या टेक्निकल कॉलेजात होते. तिथूनच त्यांनी दाखवून दिलं, की वायूंचं मिश्रण असं वेगळं करता येतं.

पण घोडं अडलं होतं. निसर्गातला दगड एकसारखा मिळत नाही, हवा तेवढा तर नाहीच. त्यावर कारखाना कसा चालवणार?

मग बॅररनी दगडच बनवायला घेतला. बंद भांड्यात पाणी, उष्णता आणि दाब, म्हणजे जमिनीच्या पोटात जे होतं तेच. 1948 मध्ये त्यांनी असा झिओलाइट जाहीर केला, जो तोवर निसर्गात कुणाला सापडला नव्हता.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट मिल्टन यांनी बॅररच्या कामावरून धागा उचलला. त्यांनी साधारण 100 अंशाला झिओलाइट ‘ए’ आणि ‘एक्स’ बनवले, आणि 1954 मध्ये माल बाजारात आला. मार्केट कंपनीनं मारलं हे खरं, पण मिल्टन यांची सोपी पद्धत नसती तर गोष्ट प्रयोगशाळेतच राहिली असती.

आणखी एक गोष्ट. कॉन्सन्ट्रेटरमध्ये चाळणीचा हिशोब लागत नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघंही भोकात मावतात. फक्त आतल्या धातूच्या आयनांना नायट्रोजन जास्त घट्ट चिकटतो.

बॅरर 1954 पासून निवृत्तीपर्यंत लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात शिकवत राहिले. 1996 मध्ये ते गेले. पडद्यातून वायू किती झिरपतो ते मोजायचं एकक आजही ‘बॅरर’ आहे. शिवाय 1970 च्या दशकात इटलीच्या सार्डिनियात एक नवा नैसर्गिक झिओलाइट सापडला, त्याला नाव दिलं बॅरराइट. आपल्या नाशिक-जळगावकडच्या खाणीत निघणाऱ्या स्टिल्बाइटचा तो सख्खा भाऊबंद.