लूट, लाच आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन

ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगर इंग्रजांच्या हाती पडले. ८ तारखेला शिड्या लावून पेठ घेतली गेली आणि १२ तारखेला किल्लेदाराने किल्ला खाली केला. विजयी फौज आत शिरताच जे सर्वत्र होते तेच येथेही होऊ लागले. घरे फुटू लागली, वाड्यातील चीजवस्तू खांद्यावरून बाहेर येऊ लागल्या. तेव्हा सेनापतीने आपल्याच फौजेतील दोन शिपायांना दरवाज्यात फासावर लटकाविले. लूट थांबली. ज्या फौजेने नुकताच पराक्रम गाजविला होता, तिला मात्र ही शिक्षा रुचली नाही.

हा सेनापती म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. असईचा आणि वॉटर्लूचा विजेता म्हणून तो शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. पण या दोन लढायांच्या दरम्यान आणि त्यांच्याही आधीपासून तो आणखी एका शत्रूशी झगडत होता, आणि तो शत्रू त्याच्याच छावणीत राहत होता. शिपायांची लूट, अधिकाऱ्यांची अफरातफर, पुरवठा खात्यातील नफेबाजी यांविरुद्धचा हा झगडा त्याच्या पत्रव्यवहारात जागोजागी आढळतो. तो झगडा त्याने पूर्णपणे जिंकला नाही, आणि ज्या बाजूने तो लढला ती बाजूही सर्वस्वी निर्मळ नव्हती.

आर्थरचा जन्म १७६९ साली डब्लिन येथे एका खानदानी पण कर्जबाजारी घराण्यात झाला. त्या काळी ब्रिटिश सैन्यात एन्साइनपासून लेफ्टनंट कर्नलपर्यंतच्या जागा सरकारमान्य दराने विकत मिळत. सतराव्या वर्षी तो सैन्यात शिरला आणि चोविसाव्या वर्षी ३३व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. मेजर आणि लेफ्टनंट कर्नल या शेवटच्या दोन पायऱ्यांसाठी लागलेला पैसा थोरल्या भावाने, रिचर्डने, पुरविला. आज ज्याला आपण वशिला आणि पैसा म्हणू, त्याच शिडीने हा माणूस वर चढला, हे ध्यानात ठेवलेले बरे. त्याच्या कर्तबगारीने ती शिडी नंतर झाकली गेली, एवढेच.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. त्या रात्री शहरात जे झाले त्याला रीतसर नाव नाही. दुसऱ्या दिवशी शहराचा ताबा वेलस्लीकडे आला, तेव्हा त्याने चार सैनिकांना निरनिराळ्या रस्त्यांवर फाशी दिले, अनेकांना फटके मारविले आणि शहर शांत केले. यानंतरचा भाग अधिक उद्बोधक आहे. शिपायाने घरातून उचलली ती लूट. पण टिपूचा खजिना समितीने मोजून, दर्जानुसार वाटला, ती बक्षिसी. सुमारे ११ लाख पौंडांच्या या वाटपात सरसेनापती जनरल हॅरिस यांना १ लाख ४० हजारांवर पौंड मिळाले, गोऱ्या शिपायाच्या पदरात सातएक पौंड पडले आणि देशी शिपायाला पाचएक. वेलस्लीचा वाटा सुमारे ४ हजार पौंडांचा होता व तो त्याने निःशंकपणे घेतला. फाशीचा दोर आणि वाटपाची वही यांतील हे अंतर त्याच्या मनाला कधी खुपलेले दिसत नाही. शहराची सुभेदारीही त्यालाच मिळाली. प्रत्यक्ष हल्ला चढविणारा जनरल बेअर्ड डावलला गेला; गव्हर्नर जनरल होता वेलस्लीचा सख्खा भाऊ.

तरीही, दोन वर्षांनी त्याच श्रीरंगपट्टणात जे उघडकीस आले ते दडपून टाकणे त्याला सहज शक्य होते. दारूगोळ्याच्या कोठारातील सोरा व इतर सामान बाहेर विकले जात होते. राजवाड्याच्या खांबांवरील तांब्याचे पट्टेसुद्धा उपटून बाजारात गेले होते. चोर बाहेरचे नव्हते. कोठाराचे रक्षण ज्यांच्याकडे होते त्या वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्यांचेच हे उद्योग होते. वेलस्लीने १८०१ साली चौकशी लावली, पुरावे जमविले आणि प्रकरण त्यांच्या बडतर्फीपर्यंत नेले. खांद्याला खांदा लावून जेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्तुळात असे करणाऱ्याला मित्र उरत नाहीत.

जानेवारी १८०३ मध्ये कित्तूरच्या राजाने कंपनीचे संरक्षण मिळावे म्हणून एका इंग्रज अधिकाऱ्याला ४ हजार आणि खुद्द वेलस्लीला १० हजार होन देऊ केले. अधिकाऱ्याने हा देकार वर कळविला. वेलस्लीला राजापेक्षा त्या अधिकाऱ्याचाच अधिक राग आला: असला प्रस्ताव ऐकून घेऊन तो पुढे धाडावा असे त्याला वाटलेच कसे! असईनंतर तहाची बोलणी चालू असता निजामाच्या दिवाणाच्या वतीने एक मुत्सद्दी आला आणि निजामाच्या पदरात कोणता मुलूख पडणार हे आधी कळावे म्हणून त्याने लक्षावधी रुपये पुढे केले. वेलस्लीने त्याला गुपित राखता येते का असे विचारले, आणि त्याने होकार देताच आपल्यालाही ते येते असे सांगून निरोप दिला, अशी कथा त्याचे चरित्रकार सांगतात.

पण केवळ स्वच्छ हातांनी फौज चालत नाही. फौज चालते ती बैलांवर. दख्खनच्या मोहिमांत वेलस्लीचे लक्ष तोफांइतकेच बैलांवर होते. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे बैल, वंजाऱ्यांचे धान्याचे तांडे, तांदळाचे रोख मोल यांचा हिशेब तो स्वतः पाही. उपाशी शिपाई लुटणारच आणि लुटलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी धान्य आणणार नाही, हे गणित त्याला पक्के उमगले होते. याची उलट बाजू पुण्याने पाच वर्षे आधीच भोगली होती. १७९८ साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचे पगार थकले आणि ते भागविण्यासाठी सर्जेराव घाटग्याने पुण्यातील सावकार व मुत्सद्दी यांचा छळ करून पैसा उकळला. फौज रयतेच्या जिवावर सोडली की राज्य आतून कसे पोखरते याचा दाखला शोधण्यास मराठी वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही.

१८०५ साली सुमारे ४२ हजार पौंड गाठीशी बांधून वेलस्ली मायदेशी परतला. यातील बहुतेक रक्कम बक्षिसीचीच. आयर्लंडचा मुख्य सचिव म्हणून त्याने १८०७ च्या निवडणुकीत सरकारी मेहेरबानीच्या वाटपाचा व्यवहार इतर कोणाही मुत्सद्द्याप्रमाणे सफाईने सांभाळला. आणि १८०९ साली सरसेनापती ड्यूक ऑफ यॉर्क यांची पूर्वीची रखेली सैन्यातील बढत्या पैसे घेऊन विकत होती असा आरोप पार्लमेंटात झाला, तेव्हा ड्यूकच्या बचावासाठी उभे राहणाऱ्यांत कोठारचोरांना घालविणारा हाच वेलस्ली होता. ड्यूकला राजीनामा द्यावा लागला. वेलस्लीच्या प्रामाणिकपणाला सीमा होती, आणि ती त्याच्या वर्गाच्या कुंपणाशी येऊन थांबत होती.

पुढे स्पेनमध्ये ही सीमा फार महाग पडली. ६ एप्रिल १८१२ च्या रात्री बादाहोथचा किल्ला भीषण हानी सोसून सर झाला. खिंडारातील प्रेतांचे ढीग पाहून वेलिंग्टनसारखा कोरडा माणूस रडला. त्यानंतर सुमारे तीन दिवस त्याचे सैन्य त्या शहरावर तुटून पडले होते. शहर शत्रूचे नव्हते. ज्यांना मुक्त करण्यासाठी युद्ध चालले होते त्या मित्र स्पॅनिश जनतेचे ते होते. दारू, लूट, स्त्रियांवरील अत्याचार यांना धरबंध राहिला नाही. चौकात फाशीचे खांब उभारले, पण त्यांवर कोणी चढल्याचे दिसत नाही. नगरच्या दरवाज्यात दोन देशी शिपायांसाठी जो दोर तत्काळ सापडला, तो येथे हाती असूनही वापरला गेला नाही. २१ जून १८१३ रोजी व्हितोरियाला जोसेफ बोनापार्टचा पळता खजिना हाती लागला आणि सैनिकांनी पाठलाग सोडून पेट्या फोडल्या. लाखो पौंडांचा ऐवज नाहीसा झाला. सरकारजमा झाला तो क्षुल्लक भाग. वेलिंग्टनने मंत्र्याला संतापून लिहिलेल्या पत्रात आपल्या शिपायांना समाजाचा गाळ ठरविले. त्याच खजिन्यातील स्पॅनिश राजसंग्रहाची ऐंशीवर चित्रे मात्र त्याच्याकडे आली. त्याने ती परत देऊ केली हे खरे. स्पेनच्या राजाने ती त्यालाच भेट दिली आणि ती लंडनला त्याच्या घरी राहिली.

तथापि नोव्हेंबर १८१३ मध्ये फ्रान्सच्या हद्दीत शिरल्यावर त्याने जे केले, त्याला तोड नाही. ऐन युद्धात, संख्याबळाची निकड असताना, त्याने बहुतेक सर्व स्पॅनिश पलटणी माघारी धाडल्या. पगार आणि अन्न नसलेले हे लोक सूड म्हणून लुटणार, आणि मग सारा मुलूख पेटणार, हे त्याने ओळखले. उरलेल्या फौजेला त्याने प्रत्येक कोंबडीचे मोल रोख देण्यास लावले. फ्रेंच शेतकऱ्याला परकी नाणे नको होते, तेव्हा सैन्यात भरती झालेल्या जुन्या खोटे नाणे पाडणाऱ्यांना शोधून काढून त्यांच्याकडून चांदीच्या डॉलरांची पाच फ्रँकची खरी नाणी पाडून घेतली. तुरुंगाच्या वाटेवरची कला येथे सरकारी कामी आली! परिणामी स्वतःच्या मार्शल सूल्टच्या सैनिकांपासून गुरे लपविणारे खेडूत इंग्रजांच्या छावणीत बाजार भरवू लागले.

वॉटर्लूनंतरची सदतीस वर्षे तो मानसन्मानात जगला. १८२८ ते १८३० मध्ये पंतप्रधानही झाला. फटक्यांची शिक्षा आणि पदांची खरेदी या दोन्ही प्रथांचा त्याने अखेरपर्यंत कैवार घेतला. शिपाई चाबकाने सरळ राहतो आणि अधिकारी इभ्रतीने, ही त्याची श्रद्धा कोठारचोर कर्नल पाहूनही ढळली नाही. १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो वारला. दोनच वर्षांनी क्रिमियात ब्रिटिश सैन्य बालाक्लावाच्या बंदराजवळ थंडीने आणि उपासमारीने मरू लागले; सामान बंदरात येऊन पडले होते, पण ते छावणीत पोहोचविण्यासाठी जनावरे आणि गाड्या नव्हत्या. पदांची खरेदी १८७१ साली बंद झाली.