कै. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे

आमच्या महाड नगरीत परगावचा पाहुणा आला म्हणजे तो प्रथम चवदार तळे पाहावयास जातो. सन १९२७ च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सहस्रावधी अनुयायांसह या तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, हे आमच्या शाळेतील लहान मुलासही ठाऊक आहे. त्यानंतर जो कज्जा चालला त्याची माहिती मात्र थोड्यांस असते. या तळ्यावर अस्पृश्यांस मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांस दिसत होती व म्हणूनच खरी वाटत होती, ती पुराव्याच्या कसोटीस उतरली नाही.

डोळ्यांस दिसते ते सिद्ध झालेच असे नव्हे, हा नियम न्यायालयापुरता नाही. तोच नियम शेताच्या बांधावर नेऊन लावणारे एक महाराष्ट्रीय विद्वान होऊन गेले. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. हे गाव खटाव तालुक्यात आहे. आमच्याकडे सावित्री नदीच्या काठी पाऊस नकोसा होईपर्यंत कोसळतो. सह्याद्री ओलांडून पूर्वेस गेले की त्याच पावसाची वाट पाहता पाहता शेतकऱ्याचे डोळे शिणतात. अशा अवर्षणाच्या मुलखात जन्मलेल्या या मुलाचे सारे आयुष्य पुढे पीक आणि भूक या दोन गोष्टींचे माप घेण्यात जावे, हे योग्यच झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित हा मुख्य विषय घेऊन ते १९३२ मध्ये पदवीधर झाले, आणि पुढल्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले.

त्याच वर्षी, म्हणजे १९३३ मध्ये, त्या कॉलेजात रोनाल्ड फिशर हे प्राध्यापक म्हणून आले. फिशर यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती. काही वर्षे ते आमच्याचसारखे शाळामास्तर होते. १९१९ मध्ये ते रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात गेले. तेथे १८४३ पासून पिकांची मोजमापे लिहून ठेवलेली होती. त्या आकड्यांच्या राशीतून फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांचे नवे शास्त्र उभारले. सुखात्मे यांस त्यांचा व त्याचबरोबर येझीं नेमन आणि एगॉन पीअर्सन या संख्याशास्त्रज्ञांचाही सहवास लाभला. पुढे १९३५ मध्ये शेतीप्रयोगांच्याच प्रश्नावरून फिशर व नेमन यांचे तीव्र मतभेद झाले. परंतु या तरुण विद्यार्थ्याने दोन्ही दिशांकडून जे घेण्यासारखे होते ते घेतले. १९३६ मध्ये त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली, आणि १९३९ मध्ये त्याहून वरची विज्ञानाची पदवीही मिळाली.

हे शास्त्र काय आहे, ते भाताच्या उदाहरणाने सांगू. एका शेतकऱ्याने वरच्या खाचरात एक वाण लावले व खालच्या खाचरात दुसरे. खालचे उत्पन्न अधिक आले. मग दुसरे वाण श्रेष्ठ ठरले काय? मुळीच नाही. खालच्या खाचरात गाळ साचतो, ओल टिकते. श्रेय बियाण्याचे की जमिनीचे, हे त्या एका तुलनेने कळत नाही. म्हणून शेताचे सारख्या जमिनीचे गट पाडावयाचे, प्रत्येक गटात सारख्या मापाचे वाफे आखावयाचे, आणि कोणत्या वाफ्यात काय पेरावयाचे हे आपल्या मर्जीने न ठरविता चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे. चिठ्ठीस आवडनिवड नसते, हाच तिचा मोठा गुण.

आता दोन वाणे घ्या, आणि प्रत्येक वाण खतासह व खताविना लावा. चार जोड्या झाल्या. असे चार गट केले की सोळा वाफे होतात. समजा, खताविना पहिल्या वाणाचे सरासरी उत्पन्न वाफ्यास १० किलो व दुसऱ्याचे ११ किलो आले. खतासह पहिल्याचे १२ व दुसऱ्याचे १७ आले. एकाच प्रयोगात येथे तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात. खताने सरासरी ४ किलो वाढले. दुसरे वाण सरासरीने ३ किलो पुढे राहिले. आणि तिसरी गोष्ट अशी की, खताने पहिले वाण २ किलोंनीच वाढले, दुसरे मात्र ६ किलोंनी. खत आणि वाण यांची ही परस्परक्रिया होय. एका वर्षी खत व दुसऱ्या वर्षी वाण असे वेगवेगळे पाहणाऱ्यास ती कधीच दिसली नसती. अशा प्रयोगास घटकीय प्रयोग म्हणतात.

परंतु हे फरक खरे कशावरून? एकाच वाणास तेच खत दिलेले चार वाफेसुद्धा तंतोतंत सारखे पिकत नाहीत. हा जो अंगचा चढउतार असतो, तो प्रयोगातूनच मोजतात व त्यावरून निर्णायक अंतर काढतात. मुळात काहीही भेद नसताना केवळ योगायोगाने एवढा फरक शंभरात पाचच वेळा पडावा, अशी ती मर्यादा. समजा, आमच्या उदाहरणात ती दीड किलो निघाली. तर खताविना दोन वाणांत दिसणारा १ किलोचा फरक सिद्ध होत नाही. खतासह दिसणारा ५ किलोंचा होतो. येथे विद्यार्थ्यांनी एक विवेक राखावा. फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ दोन्ही वाणे समान ठरली असा नव्हे. एवढ्या पुराव्यावर निकाल देता येत नाही, इतकेच. शिवाय दहा वाणे एकत्र तपासली तर त्यांच्या ४५ जोड्या होतात, आणि साऱ्या अगदी सारख्या असल्या तरीही त्यांतील सरासरी दोन जोड्या ही मर्यादा योगायोगाने ओलांडतील. म्हणून सर्वांत उंच आकडा निवडून त्याची मिरवणूक काढणे, हे शास्त्र नव्हे.

ही विद्या घेऊन सुखात्मे स्वदेशी परतले. त्या काळी पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांस, या आकडेशास्त्राचा भुकेल्या देशास काय उपयोग, असे विचारल्याची आठवण सांगितली जाते. प्रश्न साधा, पण बोचरा होता. सुखात्मे यांच्या पुढील आयुष्याने त्याचे उत्तर दिले. कलकत्त्यास आरोग्यशास्त्राच्या अखिल भारतीय संस्थेत काही काळ काढून १९४० मध्ये ते दिल्लीस शेतकी संशोधनाच्या केंद्रीय परिषदेत रुजू झाले.

तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, बंगालात भयंकर दुष्काळ पडला व लक्षावधी माणसे मेली. देशात धान्य किती पिकते हेच सरकारास नीट ठाऊक नव्हते. आमच्या वडीलधाऱ्यांस आणेवारी हा शब्द आठवत असेल. गावचा कामगार उभ्या पिकाकडे पाहून ते सोळा आण्यांपैकी किती आणे आहे हे ठरवी, आणि त्या अंदाजावर देशाचे आकडे बनत. सुखात्मे यांनी नजरेच्या जागी विळा व तराजू आणला. गाव चिठ्ठीने निवडावयाचे, गावातील शेत चिठ्ठीने, शेतातील जागाही तशीच. तेथे ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या हिश्शाचा तुकडा आखून कापावयाचा, झोडावयाचा व दाणे तोलावयाचे. पीककापणीच्या प्रयोगांची ही पद्धत देशभर पसरली.

तुकडा एवढा मोठा कशास, असा वाद निघाला. बंगालात प्राध्यापक महालनोबीस फार लहान तुकडे कापून काम भागवीत, आणि त्यांचा अधिकार मोठा होता. सुखात्मे यांनी वादाऐवजी प्रयोग केला. संयुक्त प्रांतातील गव्हाच्या शेतांत लहान व मोठे तुकडे कापून पाहता लहान तुकड्यांतून उत्पन्न फुगून येते असे आढळले. कारण मोठे मार्मिक आहे. कापणाऱ्याचा हात सीमेवरचे रोप आतले धरतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने सीमा मोठी. कोणी लबाडी केलेली नसते. तरीही माप चुकते. हा निष्कर्ष १९४६ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

१९४७ मध्ये भारतीय कृषिसांख्यिकी मंडळ स्थापन झाले; त्याचे पहिले अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते. १९५४ मध्ये विनायक गोविंद पानसे व सुखात्मे यांनी शेतकी कामगारांकरिता संख्याशास्त्राचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोघेही मराठी मंडळी. आमच्याच जिल्ह्यातील कर्जतच्या केंद्रात भाताची वाणे तपासली जातात, तेथे कामास येते ती हीच विद्या.

१९५२ पासून जवळजवळ वीस वर्षे ते रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. जगातील दोनतृतीयांश माणसे उपाशी आहेत, अशी त्या काळी घोषणा होती. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये आकडे तपासून दाखविले की, पोटास पुरेसे न मिळणारी माणसे शेकडा दहा ते पंधरा असावीत. मात्र निकस अन्नावर जगणारे धरले तर हा आकडा निम्म्यापर्यंत जातो. भूक लहान करून दाखविण्याचा त्यांचा हेतू नव्हता. खरे माप घेतल्यावाचून खरा उपाय होत नाही, हा होता. १९७१ मध्ये त्यांस पद्मभूषण ही पदवी मिळाली. पुण्यास परतल्यावर माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलते, या त्यांच्या मतावरून मोठा वाद झाला. पुण्याचेच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी त्यास कसून विरोध केला, आणि तो प्रश्न सर्वमान्य रीतीने सुटला नाही. १९९७ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

चरित्र संपले, पण एक गोष्ट आम्हांस विद्यार्थी व पालक या दोघांनाही सांगावयाची आहे. ज्या फिशर यांनी जमिनीचे श्रेय बियाण्यास देऊ नका असे जगास शिकविले, त्यांनीच मानववंशांत बुद्धीचे व स्वभावाचे जन्मजात भेद आहेत असे मत १९५२ मध्ये नोंदविले. भाताच्या बाबतीत पाळलेली सावधगिरी माणसाच्या बाबतीत सुटली. आम्ही शिक्षकही रोज हीच चूक करीत असतो. एका मुलास घरी दिवा, पुस्तक व शांत कोपरा मिळतो; दुसरा पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरून भिजत येतो. परीक्षेत दहा गुणांचा फरक पडला की आम्ही चटकन बियाण्याचे नाव घेतो.

चवदार तळ्याच्या काठावर राहणाऱ्यांनी तरी असे करू नये. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांस पाणी दिले नाही, त्यांचे पीक उणे आले म्हणून बीज उणे ठरविणे, हा न्याय नव्हे. विद्यार्थ्यांनो, कोणी दोन माणसांत, दोन जातींत वा दोन गावांत भेद सांगू लागला, तर प्रथम नम्रपणे विचारा : दोघांस जमीन सारखी होती काय, आणि पाणी सारखे मिळाले होते काय?