कळफलक बदलू पाहणारे ऑगस्ट ड्वोरॅक

टंकलेखनातील चुका हा कुणाचे आयुष्य व्यापून टाकावा असा विषय नव्हे. परंतु सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या ऑगस्ट ड्वोरॅक यांच्या वाट्याला तो आला आणि शेवटपर्यंत सुटला नाही. गर्ट्रूड फोर्ड यांनी पदव्युत्तर प्रबंधासाठी टंकलेखकांच्या चुका अभ्यासायला घेतल्या. ड्वोरॅक त्यांचे मार्गदर्शक होते. चुका तपासता तपासता त्यांना जाणवू लागले की, दोष बोटांचा कमी आणि बोटांखालच्या कळफलकाचा अधिक आहे.

ड्वोरॅक यांचा जन्म ५ मे १८९४ रोजी मिनेसोटा राज्यातील ग्लेन्को या गावचा. चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक हे त्यांचे दूरचे नातलग. आडनाव तेच, अमेरिकेत उच्चार तेवढा बदलला. शिक्षण मानसशास्त्र हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. माणूस एखादे कौशल्य कसे आत्मसात करतो, हा त्यातला मुख्य प्रश्न.

त्या काळी, आणि आजही, सर्वत्र रूढ असलेली क्वर्टी मांडणी ख्रिस्तोफर शोल्स यांच्या यंत्रातून आली. रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये ते यंत्र बाजारात आणले. अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ही मांडणी योजली गेली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याविषयी मतभेदही आहेत. एक गोष्ट मात्र निश्चित. दहा बोटांनी, कळफलकाकडे न पाहता टंकलेखन करण्याची पद्धत तेव्हा रुळलेलीच नव्हती. त्यामुळे बोटांच्या सोयीचा विचार त्या मांडणीत असण्याचे कारण नव्हते.

ड्वोरॅक आणि त्यांचे मेहुणे विल्यम डिली यांनी तो विचार केला. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामगारांच्या हालचालींचा जो सूक्ष्म अभ्यास केला होता, तो त्यांच्यासमोर होता. टंकलेखकांच्या हातांची चित्रफीत मंद गतीने पाहावी, इंग्रजीत कोणती अक्षरे आणि अक्षरजोड्या किती वेळा येतात ते मोजावे, असे हे चिकाटीचे काम होते. क्वर्टीवर ‘वॉज’, ‘वेअर’, ‘आफ्टर’ यांसारखे नित्याचे शब्द एकट्या डाव्या हाताला लिहावे लागतात आणि उजवा हात रिकामा बसून राहतो. बोटे विसावतात त्या मधल्या ओळीत स्वर म्हणावा तर केवळ ‘ए’. ड्वोरॅक यांनी पाचही स्वर मधल्या ओळीत डाव्या हाताखाली आणले आणि डी, एच, टी, एन, एस ही सर्वाधिक लागणारी व्यंजने त्याच ओळीत उजवीकडे ठेवली. इंग्रजीत स्वर-व्यंजने बहुधा आलटून-पालटून येत असल्याने हातही आलटून-पालटून चालू लागले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ७० टक्के काम मधल्याच ओळीवर होऊ लागले. क्वर्टीवर हे प्रमाण जेमतेम ३२ टक्के होते.

१९३६ मध्ये या मांडणीचे पेटंट मिळाले. ड्वोरॅक, डिली, फोर्ड आणि नेली मेरिक यांचा टंकलेखनावरील ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. नव्या कळफलकावर शिकलेले स्पर्धक टंकलेखन स्पर्धांतून बक्षिसे मिळवू लागले. परंतु काळ महामंदीचा होता. कचेऱ्यांतून क्वर्टीची यंत्रे होती, शिकवणारे क्वर्टीचे, शिकणाऱ्यांना नोकरी हवी तीही क्वर्टीवरच. पाठोपाठ महायुद्ध आले आणि टंकयंत्रांचे कारखाने बंदुका बनवू लागले.

युद्धकाळात ड्वोरॅक नौदलात अधिकारी होते. १९४४ मध्ये नौदलाच्या १४ टंकलेखकांना नवी मांडणी शिकवण्यात आली. सुमारे ५२ तासांच्या सरावात ते आपल्या जुन्या वेगाला पोहोचले आणि पुढे त्याच्याही बरेच पलीकडे गेले, असा अहवाल आला. येथेच या कथेतली दुखरी जागा आहे. तुलनेसाठी ज्या १८ जणांना क्वर्टीचाच अधिक सराव दिला, त्यांचा आरंभीचा वेग वेगळ्या रीतीने मोजला होता. कालहालचालींच्या अभ्यासात नौदलातले जाणकार म्हणून ड्वोरॅक यांचेच नाव होते आणि पेटंटही त्यांचेच. वादी आणि न्यायाधीश एकच असल्याचा संशय त्या आकड्यांना चिकटला तो कायमचा. मोजमापावर एवढी निष्ठा असलेल्या माणसाने ही परीक्षा पूर्णपणे त्रयस्थाच्या हाती सोपवायला हवी होती.

त्रयस्थ परीक्षा झाली ती १९५६ मध्ये. अमेरिकी सरकारसाठी अर्ल स्ट्राँग यांनी दहा टंकलेखकांना नवी मांडणी शिकवली. रोज चार तास सराव करूनही जुना वेग गाठायला त्यांना २५ दिवसांहून अधिक काळ लागला. नंतर त्यांच्यासोबत क्वर्टीवाल्यांनाही तेवढाच सराव दिला, तर क्वर्टीवालेच अधिक सुधारले. सरकारी खरेदीचे दार बंद झाले. पेटंटची मुदत त्याआधीच संपली होती. तेव्हा ड्वोरॅक यांची पुढची धडपड पैशासाठी होती, असे म्हणता येत नाही. लोकांना बदल नकोच आहे, अशी कडवट भावना घेऊन ऑक्टोबर १९७५ मध्ये सिअ‍ॅटल येथे त्यांनी देह ठेवला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने त्यांच्या मांडणीला मान्यता दिली ती १९८२ मध्ये. १९८५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी रूढ वस्तू केवळ रूढ म्हणून कशी टिकते, याचे उदाहरण म्हणून क्वर्टी पुढे केली. १९९० मध्ये लिबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी नौदलाच्या त्या अहवालाची चिरफाड करून उलट बाजू मांडली. बोटांचा प्रवास नव्या मांडणीत कमी होतो, हे खरे. वेग मात्र दाव्याइतका वाढत नाही, असा कौल आज द्यावा लागतो.

मराठी वाचकाला हा पेच परका नाही. भारत सरकारने १९८६ मध्ये पुरस्कारलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकातही स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे आहेत. रेमिंग्टन पद्धतीच्या देवनागरी कळफलकावर वर्षानुवर्षे हात बसलेल्यांना ती सुटसुटीत मांडणी आधी संकटच वाटली.

ड्वोरॅक यांच्या एका कामाला मात्र प्रतिस्पर्धी नव्हता. एकच हात वापरू शकणाऱ्यांसाठी त्यांनी डाव्या हाताची एक आणि उजव्या हाताची एक, अशा दोन स्वतंत्र मांडण्या तयार केल्या. विंडोज प्रणालीच्या संगणकांत त्या दोन्ही आजही असतात आणि त्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही.