घोडेस्वारीत राहिलेले बडोद्याचे प्राध्यापक



आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले-मुली यूपीएससी आणि जीपीएससीच्या परीक्षांना बसतात. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेसाठी दरवर्षी लाखो अर्ज येतात आणि निवड होते ती साधारण हजारभर उमेदवारांची. म्हणजे यादीत नाव न येणे हाच बहुतेकांचा अनुभव. ज्यांचे नाव येते त्यांचा आपण सत्कार करतो. ज्यांचे येत नाही त्यांच्याशी काय बोलावे, हे घरच्यांनाही सुचत नाही. म्हणून या अंकात आम्ही अशा एका उमेदवाराची ओळख करून देत आहोत, ज्याची नोकरी या परीक्षेने हुकली आणि जो पुढे आपल्याच बडोद्यात आला. ते म्हणजे श्री अरविंद घोष.

अरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ रोजी कोलकात्यात झाला. वडील डॉ. कृष्णधन घोष सरकारी सिव्हिल सर्जन होते. मुलांनी साहेबी वळणात वाढावे आणि आय.सी.एस. व्हावे, ही त्यांची मोठी इच्छा. १८७९ साली त्यांनी तिन्ही मुलांना इंग्लंडला नेऊन ठेवले. अरविंद तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. मँचेस्टरनंतर लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे वडिलांकडून पैसे वेळेवर येईनासे झाले. लंडनच्या कडाक्याच्या थंडीत अंगावर ओव्हरकोट नाही आणि पोटाला चहा-पाव, अशा स्थितीत भावंडांनी दिवस काढले. तरीही अरविंदांनी ग्रीक आणि लॅटिनवर असामान्य प्रभुत्व मिळवले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची वर्षाला ८० पौंडांची शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते आय.सी.एस.च्या खुल्या स्पर्धेत अकरावे आले.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्या काळी लेखी परीक्षेनंतर दोन वर्षे उमेदवारी असे. कायदा, हिंदुस्थानी भाषा यांच्या परीक्षा होत आणि शेवटी घोडेस्वारीची चाचणी. केंब्रिजचा अभ्यास आणि ही उमेदवारी अरविंदांनी एकाच वेळी सांभाळली. १८९२ मध्ये केंब्रिजच्या ट्रायपॉसचा पहिला भाग ते प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले. अडले ते घोड्यापाशी. पुन्हा पुन्हा संधी मिळूनही चाचणी पार पडली नाही, आणि नोव्हेंबर १८९२ मध्ये शेवटच्या संधीला ते पोहोचलेच नाहीत. हितचिंतकांनी रदबदली केली, पण सरकारने ऐकले नाही. त्यांचे नाव वगळण्यात आले.

पुढे त्यांनी स्वतःच सांगितले आहे की ही नोकरी त्यांना मनातून नको होती; घरच्यांना सरळ नकार देता येईना म्हणून त्यांनी हा आडमार्ग काढला. या वाटेचे अनुकरण करा, असे आम्ही म्हणणार नाही. परीक्षा आपल्याला हवी आहे की केवळ घरच्यांना, हे अभ्यासाला बसण्यापूर्वीच बोलून घेणे केव्हाही बरे.

त्या वेळी महाराज सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. त्यांनी या तरुणाला दरमहा २०० रुपयांवर संस्थानच्या नोकरीत घेतले. अरविंद परतीच्या वाटेवर असलेली बोट बुडाली, अशी चुकीची बातमी वडिलांच्या कानी गेली आणि त्या धक्क्याने ते वारले. फेब्रुवारी १८९३ मध्ये अरविंद मुंबईत उतरले, ते पितृछत्र हरपलेले.

बडोद्यात त्यांना सुरुवातीला मिळाले सर्व्हे सेटलमेंटचे खाते, मग महसूल खाते, मग सचिवालय. पुढे ते बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि नंतर इंग्रजी शिकवू लागले आणि उपप्राचार्य झाले. येथेच त्यांनी बंगाली आणि संस्कृतचा अभ्यास केला, मराठी आणि गुजरातीही शिकले. खासेराव आणि माधवराव जाधव हे बंधू त्यांचे जिवलग झाले. केंब्रिजपासूनचे मित्र केशवराव देशपांडे यांच्या आग्रहावरून मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये त्यांनी जळजळीत राजकीय लेख लिहिले. तेरा वर्षे अशी काढून १९०६ साली चांगल्या पगाराची नोकरी सोडून ते बंगालच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात गेले.

१९०८ साली अलीपूर बॉम्ब खटल्यात त्यांना अटक झाली. या खटल्यातला एक योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. न्यायासनावर बसलेले बीचक्रॉफ्ट हे अरविंदांसोबतच आय.सी.एस.ची परीक्षा दिलेले. ग्रीकमध्ये अरविंद पहिले आणि ते दुसरे. अरविंदांचे वकील चित्तरंजन दास हेही आय.सी.एस.साठीच विलायतेला गेलेले, पण त्यात अपयश आल्यावर बॅरिस्टर झालेले. एकाच परीक्षेचे तीन उमेदवार एका दालनात होते. एक उत्तीर्ण, एक वगळलेला, एक अनुत्तीर्ण. मे १९०९ मध्ये अरविंद निर्दोष सुटले. १९१० साली ते पुदुच्चेरीला गेले आणि ५ डिसेंबर १९५० रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

मित्रांनो, अपयश आले की सयाजीराव दाराशी येऊन उभे राहतात, असे नाही. बहुतेकांना आपली वाट आपणच शोधावी लागते. पण एक गोष्ट कोणालाही साधण्यासारखी आहे. अरविंदांची नोकरी गेली, ग्रीक-लॅटिन गेले नाही. अभ्यासाची सवय गेली नाही, मित्र गेले नाहीत. मिळेल त्या खात्यात रुजू होऊन त्यांनी नव्या भाषा शिकायला घेतल्या. तुम्ही वाचलेली राज्यघटना, इतिहास, अर्थशास्त्र हेही निकालाबरोबर परत घेतले जात नाही. किती प्रयत्न करायचे हे आधीच ठरवा, हाताशी दुसरे काम ठेवा, आणि निकालाच्या दिवशी एकटे राहू नका. मन फारच खचले तर घरी, शिक्षकांशी किंवा डॉक्टरांशी बोला.

दांडिया बाजारात श्री अरविंद निवास आहे. तेथून जाताना एकदा आत जरूर जाऊन या. यंदाच्या सर्व परीक्षार्थींना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!