बेल्व्हा लॉकवुड

बेल्व्हा ॲन लॉकवुड (माहेरचे आडनाव: बेनेट, जन्म: २४ ऑक्टोबर १८३०, रॉयल्टन, न्यूयॉर्क, मृत्यू: १९ मे १९१७, वॉशिंग्टन) या अमेरिकन वकील, शिक्षिका आणि स्त्री-हक्कांच्या पुरस्कर्त्या होत्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वकिली करण्याचा अधिकार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १८८४ आणि १८८८ या दोन वर्षी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढवली. कायद्याच्या शिक्षणास त्यांनी सुरुवात केली तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. त्यापूर्वीचे त्यांचे आयुष्य प्रामुख्याने शाळांमध्ये गेले होते.

बालपण आणि शिक्षकी पेशा

बेल्व्हा यांचा जन्म न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील एका शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षीच त्या खेड्यातील शाळेत शिकवू लागल्या. त्याच कामासाठी पुरुष शिक्षकांना मिळणारे वेतन त्यांच्या वेतनाच्या दुपटीहून अधिक होते. हा अनुभव त्यांना पुढेही प्रत्येक शाळेत आला. समान वेतनाचा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला, त्याचे मूळ या पहिल्या नोकरीत आहे.

१८४८ मध्ये युरायाह मॅकनॉल या शेतकऱ्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी ल्यूरा ही मुलगी झाली. १८५३ मध्ये मॅकनॉल यांचे निधन झाले. बावीस वर्षांच्या विधवेपुढे लहान मुलीला वाढवण्याचा प्रश्न उभा होता, आणि त्यावर त्यांनी शोधलेला उपाय त्या काळी कोणालाही पटण्यासारखा नव्हता : त्यांनी पुन्हा शिकायचे ठरवले. मुलीला आईवडिलांकडे ठेवून त्यांनी जेनेसी कॉलेजात प्रवेश घेतला आणि १८५७ मध्ये पदवी मिळवली. त्यानंतर लॉकपोर्ट आणि आसपासच्या गावांत त्यांनी मुख्याध्यापिका म्हणून काम केले. मुलींना वक्तृत्व आणि व्यायाम शिकवण्याचा त्यांचा उपक्रम काही पालकांना रुचला नाही, तरी त्यांनी तो सोडला नाही. स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या सुझन बी. अँथनी यांच्याशी त्यांची ओळख याच काळातली.

१८६६ मध्ये त्या ल्यूरासह वॉशिंग्टनला आल्या आणि तेथे त्यांनी मुलामुलींची एकत्र शाळा काढली. राजधानीत राहून राज्यकारभार जवळून पाहावा, ही त्यांची इच्छा होती. १८६८ मध्ये त्यांनी इझिकिएल लॉकवुड या वयाने बऱ्याच मोठ्या दंतवैद्याशी विवाह केला. इझिकिएल यादवी युद्धात लढलेले होते आणि पत्नीच्या शिक्षणाला त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. या विवाहातून झालेली जेसी ही मुलगी तान्ह्या वयातच दगावली.

शासकीय कार्यालयांत काम करणाऱ्या स्त्री-कारकुनांना पुरुषांइतके वेतन मिळावे, यासाठी १८७० च्या सुमारास लॉकवुड यांनी प्रतिनिधिगृहाचे सदस्य सॅम्युअल आर्नेल यांच्यामार्फत विधेयक पुढे आणले. १८७२ मध्ये ते बऱ्याच सौम्य स्वरूपात संमत झाले. वकिलीची सनद मिळण्यापूर्वीच कायदा कसा घडतो याचा धडा त्यांनी अशा रीतीने घेतला होता, आणि पुढे तो महाविद्यालयातील धड्यांपेक्षा अधिक कामी आला.

कायद्याचे शिक्षण

१८६९ मध्ये लॉकवुड यांनी कोलंबियन कॉलेजच्या विधी विभागाकडे प्रवेशासाठी अर्ज केला. हे महाविद्यालय आज जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्यांच्या उपस्थितीमुळे तरुण विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होईल, असे कारण देऊन अर्ज नाकारण्यात आला. अर्जदार स्त्री चाळिशीच्या उंबरठ्यावर होती आणि तिची थोरली मुलगी वीस वर्षांची होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१८७१ मध्ये नव्यानेच सुरू झालेल्या नॅशनल युनिव्हर्सिटी लॉ स्कूलने स्त्रियांना प्रवेश देऊ केला. पंधरा स्त्रियांनी नावे नोंदवली. पुरुष विद्यार्थ्यांचा विरोध लवकरच सुरू झाला आणि एकेक करून बहुतेक स्त्रिया गळाल्या. लॉकवुड आणि लिडिया हॉल या दोघींनीच अभ्यासक्रम पूर्ण केला. तथापि, स्त्रियांच्या पंक्तीत बसून पदवी घेण्यास पुरुष विद्यार्थी तयार नव्हते, म्हणून संस्थेने या दोघींना पदवीपत्र देण्याचे टाळले. पदवीपत्र हा केवळ मानाचा कागद नव्हता. तो नसेल तर सनदेची वाट बिकट होती. म्हणजे शिक्षण पूर्ण होऊनही उपजीविका बंद, अशी ही अवस्था होती.

लॉकवुड वर्षभर अन्य मार्गांनी प्रयत्न करत राहिल्या. अखेर सप्टेंबर १८७३ मध्ये त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना पत्र लिहिले, कारण या विधी महाविद्यालयाचे ते पदसिद्ध प्रमुख होते. पत्रात विनवणी नव्हती. आपण खरोखर या संस्थेचे प्रमुख असाल तर माझे पदवीपत्र द्या, आणि नसाल तर संस्थेच्या कागदांवरून आपले नाव काढून टाका, असा त्याचा आशय होता. ग्रँट यांचे उत्तर आले नाही. मात्र थोड्याच दिवसांत पदवीपत्र आले. त्याच महिन्यात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांना कोलंबिया जिल्ह्यातील न्यायालयांत वकिली करण्याची सनद मिळाली.

न्यायालयांचे बंद दरवाजे

सनद मिळाली तरी अडथळे संपले नाहीत. वॉशिंग्टनमधील वकिलांना मिळणारे बरेचसे काम सरकारविरुद्धच्या आर्थिक दाव्यांचे असे आणि ते दावे कोर्ट ऑफ क्लेम्स या स्वतंत्र न्यायालयात चालत. १८७४ मध्ये तेथे लॉकवुड यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या स्त्री आहेत, शिवाय विवाहित आहेत, अशी दुहेरी हरकत होती. इंग्लंडकडून आलेल्या परंपरागत कायद्यानुसार विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन झालेले मानले जाई. जिला स्वतःच्या नावाने करार करता येत नाही, ती दुसऱ्याचे वकीलपत्र कसे घेणार, असा न्यायालयाचा तर्क होता. तर्क म्हणून तो सुसंगत होता आणि म्हणूनच युक्तिवादाने मोडण्यासारखा नव्हता. अशिलाचा दावा स्वतः तयार करायचा आणि न्यायालयात उभे राहण्यासाठी पुरुष वकील शोधायचा, हा एकच मार्ग उरत होता.

१८७६ मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट पूर्ण झाल्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला. सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी तो फेटाळला. तेथे आजवर केवळ पुरुषांनाच प्रवेश मिळत आला आहे, आणि कायदा बदलल्याखेरीज ही प्रथा बदलणार नाही, असा निर्णय होता. लॉकवुड यांनी तो शब्दशः घेतला व कायदा बदलण्याच्या कामास लागल्या. सुमारे तीन वर्षे त्यांनी काँग्रेसच्या सदस्यांच्या भेटीगाठी घेतल्या, विधेयकाचे मसुदे केले, वृत्तपत्रांत बाजू मांडली. याच काळात, १८७७ मध्ये, इझिकिएल यांचे निधन झाले.

सीनेटमध्ये ॲरन सार्जंट, जोसेफ मॅकडॉनल्ड आणि जॉर्ज होअर यांनी विधेयकाची बाजू घेतली. फेब्रुवारी १८७९ मध्ये ते ३९ विरुद्ध २० मतांनी संमत झाले आणि १५ फेब्रुवारी रोजी राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज यांनी त्यावर स्वाक्षरी केली. ३ मार्च १८७९ रोजी लॉकवुड यांना सर्वोच्च न्यायालयात प्रवेश मिळाला. त्यांच्या नावाचा प्रस्ताव ॲल्बर्ट रिडल या वकिलांनी मांडला होता. त्यानंतर तीनच दिवसांनी कोर्ट ऑफ क्लेम्सनेही त्यांना प्रवेश दिला. विधी महाविद्यालयाकडे केलेल्या पहिल्या अर्जापासून येथवर जवळजवळ दहा वर्षे गेली होती. यांपैकी प्रत्यक्ष अभ्यासाची वर्षे सुमारे दोन. उरलेली परवानग्या मिळवण्यात खर्ची पडली.

पुढच्याच वर्षी त्यांनी सॅम्युअल लॉवरी या अलाबामातील कृष्णवर्णीय वकिलाच्या सर्वोच्च न्यायालयातील प्रवेशाचा प्रस्ताव मांडला. ३० नोव्हेंबर १८८० रोजी, कैसर विरुद्ध स्टिकनी या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयासमोर युक्तिवाद करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

वकिली व्यवसाय

लॉकवुड यांचे कार्यालय एफ स्ट्रीटवरील त्यांच्या घरातच होते. ल्यूरा कार्यालयाचे काम पाहत असे आणि घरातील काही खोल्या भाड्याने दिलेल्या असत. यादवी युद्धातील सैनिक, खलाशी आणि त्यांच्या विधवा यांचे निवृत्तिवेतनाचे दावे हा या व्यवसायाचा मुख्य आधार होता. या कामाला कीर्ती नव्हती आणि एका दाव्यामागे मिळणारे शुल्क कायद्याने मर्यादित होते, त्यामुळे निर्वाह होण्यासाठी दाव्यांची संख्या मोठी असावी लागे. कचेऱ्यांमधली ये-जा जलद व्हावी म्हणून त्या तीनचाकी सायकल वापरू लागल्या. पन्नाशीतील स्त्री राजधानीच्या रस्त्यांवरून सायकल चालवते, हा वृत्तपत्रांना बराच काळ पुरलेला विषय होता.

१८७९ च्या कायद्याने संघराज्याची न्यायालये खुली झाली, घटक राज्यांची नव्हेत. व्हर्जिनिया राज्याने सनद नाकारली तेव्हा लॉकवुड सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्रियांचा समावेश होतो की नाही हे त्या राज्याच्या न्यायालयाने ठरवावे, असा निर्णय १८९४ मध्ये देण्यात आला. ज्या न्यायालयात त्या पंधरा वर्षे वकील होत्या, त्यानेच हा निकाल द्यावा, यातील विसंगती उघड आहे. त्याच वर्षी ल्यूराचे निधन झाले.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक

१८८४ मध्ये नॅशनल इक्वल राइट्स पार्टीने लॉकवुड यांना उमेदवारी दिली. उपाध्यक्षपदासाठी मॅरिएटा स्टो उभ्या होत्या. या निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार नव्हता, पण स्त्रीने उमेदवार होण्यास घटनेत मनाई नाही, हा लॉकवुड यांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होता. अनेक गावांत पुरुषांनी स्त्रीवेष घालून त्यांच्या नावाने टवाळीच्या मिरवणुका काढल्या. सुझन अँथनी यांच्यासारख्या जुन्या सहकाऱ्यांनीही त्यांना पाठिंबा दिला नाही. तरीही त्यांना चार हजारांहून अधिक मते मिळाली, ती सर्व पुरुषांची. मतमोजणीत गैरप्रकार झाल्याची तक्रार त्यांनी काँग्रेसकडे केली. तिचा उपयोग झाला नाही. युनिव्हर्सल पीस युनियन या शांततावादी संघटनेतही त्या सक्रिय होत्या आणि १८८९ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय शांतता परिषदेस उपस्थित राहिल्या.

चेरोकी खटला

लॉकवुड यांच्या वकिलीतील सर्वांत मोठे यश त्यांना पंचाहत्तराव्या वर्षी मिळाले. १८३५ च्या न्यू इकोटा तहानुसार चेरोकी या मूलनिवासी लोकांची मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील भूमी अमेरिकेने घेतली आणि १८३८ मध्ये लष्कराच्या बळावर हजारो चेरोकींना पश्चिमेस हाकलले. वाटेत असंख्य माणसे मृत्युमुखी पडली. तहातील रक्कम मात्र पूर्णपणे देण्यात आली नव्हती. लॉकवुड यांचा या दाव्यांशी अनेक वर्षांचा संबंध होता. १९०६ च्या जानेवारीत त्यांनी सर्वोच्च न्यायालयात ईस्टर्न आणि इमिग्रंट चेरोकींची बाजू मांडली. न्यायालयाने सुमारे ११ लाख ११ हजार डॉलर मुद्दल आणि १८३८ पासून पाच टक्के व्याज मान्य केले. एकूण रक्कम पन्नास लाख डॉलरच्या घरात गेली. शुल्काच्या वाटणीवरून पुढे वकिलांमध्ये वाद झाले.

अखेरची वर्षे आणि स्मृती

उतारवयात लॉकवुड यांना आर्थिक ओढगस्तीला तोंड द्यावे लागले आणि एफ स्ट्रीटवरील घर सोडावे लागले. १९ मे १९१७ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. काँग्रेशनल सेमेटरी या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. अमेरिकेतील स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती १९२० मध्ये लागू झाली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने लॉकवुड यांचे चित्र असलेले १७ सेंटचे तिकीट काढले.