हेल्मेटचा आग्रह धरणारा शल्यविशारद

मे १९३५. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील रस्त्यावर दोन सायकलस्वार मुलांना चुकविताना ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ख्यातकीर्त झालेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. उपचारांसाठी पाचारण केलेल्यांत ह्यू केर्न्स हे शल्यविशारद होते. सहा दिवसांनी, शुद्धीवर न येताच, लॉरेन्स यांची प्राणज्योत मालवली. हा मृत्यू केर्न्स यांच्या मनाला चटका लावून गेला.

केर्न्स यांचा जन्म १८९६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी येथे झाला. ॲडलेडमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला आले. पुढे बॉस्टनमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचे अध्वर्यू हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली त्यांनी ही विद्या आत्मसात केली. १९३७ मध्ये ते ऑक्सफर्डमध्ये शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले.

दुसरे महायुद्ध पेटले आणि ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज महाविद्यालयात केवळ डोक्याच्या जखमींसाठी लष्करी रुग्णालय उभे राहिले. तेथे सूत्रे केर्न्स यांच्याकडे होती. संदेश घेऊन धावणारे लष्करी मोटारसायकलस्वार मोठ्या संख्येने दगावत होते. मेंदूला एकदा जबर इजा झाली, की शल्यविशारदाच्या हाती फार थोडे उरते, हे त्यांनी जाणले होते. १९४१ मध्ये त्यांनी शोधनिबंध लिहून शिरस्त्राणाचे महत्त्व मांडले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने कामगिरीवरील मोटारसायकलस्वारांना ते सक्तीचे केले. पुढील मृत्यूंचे आकडे घटत गेल्याचे त्यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले.

जखम झाल्यावरही मेंदू वाचावा, यासाठीची त्यांची धडपड थांबली नाही. कवटी भेदणाऱ्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, की मृत्यू ओढवे. १९४३ मध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्यासमवेत उत्तर आफ्रिकेच्या रणभूमीवर जाऊन त्यांनी पेनिसिलिन या नव्या, दुर्मीळ औषधाची जखमी सैनिकांवर चाचणी घेतली. औषध मोजकेच होते, जखमी मात्र असंख्य. जखम लवकर शिवून आत बारीक नळीतून औषध सोडण्याची पद्धत तेथे आजमावली गेली. या अनुभवाने युद्धातील जखमांच्या उपचारांना नवी दिशा दिली.

१९५२ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ब्रिटनने सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले ते १९७३ मध्ये. भारतातील मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेच सांगते. हेल्मेट आरशाला अडकवून निघणाऱ्या दुचाकीस्वाराला केर्न्स हे नाव ठाऊक नसेल. पण ज्यांचे डोके त्या कवचाने राखले, त्यांचे ऋण या शल्यविशारदाकडे जाते.